चौथऱ्यावरचा रणगाडा आणि रस्त्यावरचा मी

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या पलीकडे माळझरी नावाचं गाव आहे, त्या गावचा. माझी टाकी एके काळी निळी होती. आता ती कुठे निळी, कुठे गंजकी, तर कुठे नुसतीच राखाडी दिसते. बाजूला ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलं होतं, त्यातलं ‘पिण्याचे’ पुसून गेलं आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगावी असं बरेच दिवस मनात होतं. पण माझी सांगायची तर आणखी एकाची सांगावी लागते, आणि त्याच्यावर मी फार जळलो. इतका जळलो की उन्हाळ्यात माझ्या पत्र्याला हात लावणाऱ्याला वाटायचं, हे ऊनच आहे.

मी जन्मापासून टँकर नव्हतो. आधी मी साधा मालट्रक होतो आणि जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहत होतो. मग मला पुसदच्या एका वर्कशॉपमध्ये आणलं. तिथे लखन मिस्त्री नावाचा वेल्डर होता. त्याने माझ्या पाठीवरच्या फळ्या काढल्या आणि जाड पत्रा वाकवून एक मोठी गोल टाकी बसवली. किती ठिणग्या उडाल्या असतील. शेवटी त्याने टाकी काठोकाठ भरली आणि आडवा होऊन माझ्या पोटाखाली शिरला. प्रत्येक जोडावरून त्याने तळहात फिरवला. हाताला कुठेच ओल लागली नाही, तेव्हा तो तिथेच पडल्या पडल्या हसला. माझ्याकडे बघून कुणी हसलं, ते पहिल्यांदा.

माळझरीत आल्यावर मला सेवादास मिळाला. सेवादास राठोड माझा ड्रायव्हर. तो टेकडीवरच्या वस्तीत राहायचा. माळझरीचे तसे दोन भाग आहेत. खाली गावठाण, तिथे कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांची घरं, शाळा आणि ग्रामपंचायत. वर टेकडीवर वस्ती, तिथे बौद्ध कुटुंबं आणि बंजाऱ्यांची काही घरं. होळी झाली की दोन्हीकडच्या विहिरी तळाला जातात. मग अडाण नदीच्या काठच्या विहिरीवर मोटर लावून मला भरायचं, एक खेप खाली, एक खेप वर, असा माझा उन्हाळा जायचा.

ते दिवस माझे होते, मित्रांनो. चढावर माझा आवाज आला की वस्तीतली पोरं ‘आला आला’ करत धावत सुटायची. हंगामाच्या पहिल्या खेपेला बायका माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावायच्या. दर आठवड्याला सेवादास मला नदीवर नेऊन धुवायचा आणि माझी काच आपल्या गमछाने पुसायचा. गावठाणातल्या तानाबाई त्याला चहा द्यायच्या. त्यांचा मुलगा अतुल लहान होता, तेव्हा माझ्या केबिनमध्ये चढून बसायचा. त्याला हॉर्न वाजवायचं फार वेड. सेवादास रागवायचा आणि मग स्वतःच त्याचा हात धरून हॉर्नवर ठेवायचा.

अतुल मोठा झाला आणि फौजेत गेला. एका हिवाळ्यात सीमेवर गोळीबार झाला आणि त्यात तो गेला. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. त्याला गावात आणलं त्या दिवशी रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून मी पाणी शिंपडत पुढे चाललो होतो. मागे लोकांची एवढी गर्दी होती की माझ्या आरशात फक्त माणसं आणि फुलंच दिसत होती.

त्यानंतर काही वर्षांनी तो आला, ज्याच्यावर मी जळलो.

गावाचे सरपंच बबनराव आणि तालुक्यातले काही माजी सैनिक पुष्कळ खटपट करत होते. फौजेतून निवृत्त झालेला एक रणगाडा माळझरीला मिळावा, शाळेच्या मैदानावर अतुलच्या नावाचा चौथरा बांधावा आणि त्यावर तो ठेवावा, असं त्यांच्या मनात होतं. होळीच्या सुमारास लांबलचक गाडीवर चढून तो आला. गावाच्या वेशीवर डफडं वाजलं. बायकांनी ओवाळलं. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, भरलेला. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

मी त्याला नीट पाहिलं. रुंद, बुटका, हिरवा. पुढे लांब नळी. चाकांऐवजी लोखंडी पट्टे. मला वाटलं, हाही लोखंडच की. मीही लोखंडच. कुठल्या तरी भट्टीत आम्ही दोघं शेजारी शेजारीही वितळलो असू. मग त्याला हार का आणि मला चिखल का? त्याने काय केलं होतं? मी या गावाच्या तीन पिढ्यांना पाणी पाजलं होतं. त्याने माळझरीतल्या एकाही माणसाला घोटभर पाणी दिलं नव्हतं.

चौथरा तयार होईपर्यंत त्याला मैदानाच्या कडेला उभं केलं. पोरं त्याला सलाम ठोकू लागली. शेजारच्या गावातून माणसं मोबाइल घेऊन येऊ लागली. आधी पोरं मला ‘टँक आला’ म्हणायची. आता ‘टँक’ म्हटलं की तो, आणि मी नुसता ‘पाण्याचा डबा’. एकदा मी मैदानाजवळ उभा असताना एक पाहुणा ओरडला, “ओ ड्रायव्हर, टँकर बाजूले घ्या, फोटोत यून राह्यला.” सेवादासने मुकाट्याने मला मागे घेतलं. त्या दिवशी माझं इंजिन बराच वेळ थंडच झालं नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. बबनरावांनी सेवादासला सांगितलं, “तू मशिनीतला माणूस हायेस. टँकची साफसफाई तुह्याकडं.” तेव्हापासून सेवादास दर आठवड्याला त्याच्याकडे जायचा. त्याच्या पट्ट्यांतली माती काढायचा, त्याच्या अंगाला तेल लावायचा. माझ्या काचेवर धूळ साचत गेली. माझा गमछा आता दुसऱ्याचं अंग पुसत होता.

आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, त्या चौथऱ्याला पाणी घालायचं काम माझ्याच माथी आलं. सिमेंटचा चौथरा ओला ठेवावा लागतो, नाही तर तडकतो. भोवती हिरवळ लावली होती, तिलाही पाणी. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, त्याचं उद्घाटन ठरलं होतं. मोठे पाहुणे यायचे होते. मग दिवसाची एक खेप मैदानावर जाऊ लागली, पुढे दोन. नदीकाठची विहीर काही वाढली नव्हती. कमी झाल्या त्या वस्तीच्या खेपा. आधी एक दिवसाआड झाल्या, मग दोन दिवसांआड.

त्याच दिवसांतल्या एका संध्याकाळी मी चौथऱ्याला पाइप लावून उभा होतो. तेव्हा धर्मपाल आबाजी तिथे आले. धर्मपाल खोब्रागडे वस्तीवर राहतात. पंचाहत्तरी गाठलेले, ताठ चालणारे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. ऐन तरुणपणी ते रणगाडा चालवायचे. रोज संध्याकाळी ते मैदानावर यायचे आणि त्याच्या पोलादावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. त्यांच्या हाताखाली माझंही बॉनेट कधी आलं होतं, पण तो स्पर्श वेगळा. हा मला मिळाला नव्हता.

त्यांच्यासोबत त्यांची नात अर्पिता होती. नववीत शिकणारी. तानाबाईही तिथेच चौथऱ्याच्या कडेवर बसल्या होत्या. उद्घाटनाची दोरी त्यांच्या हातून ओढायची होती, म्हणून त्यांना जागा दाखवायला बोलावलं होतं.

अर्पिता म्हणाली, “आबाजी, एक तारखेला मले भाषण हाये. बाईंनी विषय देला, युद्ध नीतीला धरून असू शकते का. मले कोणती बाजू घ्याव तेच समजून नाही राह्यलं. तुमी तं लढले. सांगा ना, लढाई बरोबर असते का?”

आबाजी म्हणाले, “एकाहत्तरमधी आमी पूर्वेच्या सीमेवर होतो. लढाई सुरू व्हाच्या आधीची गोष्ट. रस्त्यानं माणसं यून राह्यलती. दिवसभर, नुसती माणसं. डोक्शावर गठुडे, काखेत लेकरं, पाय सुजलेले. एक म्हातारा आपल्या बायकोले पाठीवर घेऊन चालत होता. तिकडं त्यायचे घरं जाळले होते, माणसं मारले होते. मले वाटलं, हे थांबवासाठी लढाव लागत असन तं लढलं पाह्यजे. आजही तसंच वाटते. कोणी म्हणन का ते युद्ध चूक होतं, तं मी नाही मानणार.”

“मंग बरोबर असते असंच लिहू?”

“थांब. पुढचं आयक. लढाई लागली. आमच्या समोर त्यायचा एक टँक पेटला. आत एक पोरगा होता, तो ओरडे. त्याची भाषा मले येत नव्हती. पण अम्मी अम्मी म्हणे, तेवढं समजलं. मंग आवाज बंद झाला. तवा मी वीस-बावीस वर्साचा असन. तोही तेवढाच असन.” त्यांनी रणगाड्यावरचा हात काढून घेतला. “मी बुद्धाच्या मूर्तीपुढं वंदनेले बसतो ना बेटा, तवा ते दोघंही येतात. तो रस्त्यावरचा म्हातारा अन् हा पोरगा. एकाले उत्तर देलं का दुसरा माह्याकडं पाह्यते.”

अर्पिताने वही मिटून ठेवली. “मंग मी काय बोलू?”

“लढाई एखाद्या वक्ती बरोबर असू शकते. चांगली नसते. मले एवढंच समजलं. तुले पटलं तं बोल, नाही तं तुह्या मनानं बोल.”

तेव्हा तानाबाई हळूच बोलल्या. त्या आबाजींशी बोलत होत्या की स्वतःशी, ते मला कळलं नाही. “मले लोकं वीरमाता म्हणतात, हवालदार. पह्यल्या रांगेत बसवतात. मले अभिमान हाये. माह्या अतुलनं पाठ नाही दाखवली. पण खरं सांगू का? मंगळवारच्या बाजारात गेली ना, तं मले त्या बायांचा हेवा वाटते, ज्यायचे पोरं संग थैली धरून चालतात. कोणी हार नाही घालत त्यायले. कोणी फोटो नाही काढत. ते घरी जातात अन् भाजीवरून मायसंग भांडतात.”

मित्रांनो, माझ्या पाइपातून पाणी पडत होतं आणि मी ऐकत होतो. मला वाटत होतं की हेवा काय असतो ते मलाच ठाऊक आहे. ज्या हारांसाठी मी झुरत होतो, त्यांपासून ही बाई दूर पळू पाहत होती, आणि ज्यांना कधीच हार मिळत नाही त्यांच्यावर जळत होती. तरीही सांगतो, माझी जळजळ त्या दिवशी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सेवादासने त्याच्या नळीला रंगाचा हात दिला, आणि मी पुन्हा पेटलो.

एप्रिल संपत आला. वस्तीवर दोन दिवस खेप गेली नव्हती. तिसऱ्या दिवशी उद्घाटनाआधीची धुलाई होती. सकाळी सेवादास बबनरावांना म्हणाला, “सरपंच, आज तरी वर जाऊ द्या. माह्या घरचे ड्रमही रिकामे हायेत.”

बबनराव वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, “सेवादास, मले समजत नाही का? पण उद्या एवढे पाहुणे येतीन. गावाचं नाव होईन. मंग मी त्यायच्यापाशी नळ योजनेचं मांडन. वस्तीच्याच भल्याचं हाये. एक दिवस कळ काढा.”

सेवादास मला नदीवर घेऊन गेला, त्याने मला भरलं आणि तो मैदानाकडे निघाला. वस्तीचा फाटा आला, तसे समोर आडवे दगड दिसले. फाट्यावर वस्तीतली माणसं उभी होती. बायका गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, आणि बादल्या घेऊन, पोरं हातात दगड घेऊन. पुढे कपिल होता. कपिल हा विशीतला मुलगा, फौजेच्या भरतीसाठी रोज पहाटे धावायचा. तो ओरडला, “टँकर इथंच खाली होईन. चौथऱ्याले पाणी अन् आमाले नाही, हे चालनार नाही.”

खालच्या बाजूनेही माणसं आली. त्यांच्या हातात काठ्या होत्या. दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या.

आणि मला काय वाटलं, सांगू? मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. माझ्यासाठी दोन फौजा उभ्या होत्या. मैदानावरच्या त्या हिरव्याला कधी नाही, ते आज मला मिळत होतं. माझ्यासाठी लढाई होणार होती.

पहिला दगड कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो माझ्या काचेवर आला. काच फुटली आणि तिचे तुकडे आत उडाले. सेवादास स्टिअरिंगवर वाकला. त्याच्या कपाळावरून रक्त भुवईत उतरलं आणि तिथून माझ्या स्टिअरिंगवर पडू लागलं. त्याने खांद्यावरचा गमछा काढला आणि कपाळाला लावला. त्याच गमछ्याने तो माझी काच पुसायचा.

माझं सगळं बरं वाटणं तिथेच संपलं.

गर्दीतून धर्मपाल आबाजी पुढे आले. आधी त्यांनी सेवादासला खाली उतरवून माझ्या सावलीत बसवलं. मग ते कपिलकडे वळले.

कपिल पुढे सरसावला. “आबाजी, तुमीच सांगता ना, जुलूम झाला तं लढलं पाह्यजे. मंग आता काहून आडवे येता?”

“आडवा नाही येत,” आबाजी म्हणाले. “लढाच लागते. तुह्यावाणी मलेही राग हाये. माही माय विहिरीच्या खाली गुंड घेऊन बसे. वरून कोणी वाढलं तं पाणी, नाही तं रिकामी घरी. मले तहान शिकवू नको. पण पाह्य, तुमचा पह्यला दगड कोणाले लागला? ज्यानं पाणी तोडलं त्याले का? हा तं वस्तीचाच माणूस. ह्यानं सकाळी तुमच्यासाठीच सरपंचापाशी तोंड वाजवलं. दगड असाच असते लेका. तो सुटला का मंग त्याले आपला-परका दिसत नाही.”

“मंग काय कराव? पाह्यत बसाव?”

“बसाव. पण रस्त्यावर. अजून आपलं बसणं बाकी हाये, बोलणं बाकी हाये. ते सारं करून झालं, अन् तरीही लेकरं तहानेनं तडफडू लागले, तं मले आवाज दे. तवा मी तुह्या पुढं उभा राहीन. आज नाही.”

एवढं बोलून आबाजी माझ्या पुढच्या चाकासमोर, तापलेल्या डांबरावर मांडी घालून बसले. एक बाई त्यांच्या मागे बसली. मग दुसरी. हळूहळू सगळी वस्ती बसली. कपिल उभाच होता. त्याच्या मुठीत अजून एक दगड होता. अर्पिता त्याच्याजवळ गेली आणि तिने रिकामी बादली त्याच्यापुढे धरली. त्याने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि दगड त्या बादलीत टाकला. केवढा आवाज झाला. कोरड्या बादलीचा आवाज असतोच तसा.

कुणी तरी माझ्या कॉकला, म्हणजे मागच्या तोटीला, हात लावू लागलं. आबाजी म्हणाले, “उघडू नका. हक्काचं हाये तं ते ज्याच्या हातून बंद झालं त्याच्याच हातून उघडू द्या.” माझ्या पोटात पाणी हिंदकळत होतं आणि समोर लहान लेकरं ओठ चाटत होती. एवढा जड मी कधीच झालो नव्हतो.

मैदानावर बातमी पोहोचली. बबनराव मोटरसायकलवर आले, घामाने भिजलेले, रागावलेले. ते काही बोलणार, तोच त्यांच्या मागून तानाबाई चालत आल्या. मैदानावर त्यांना दोरी कशी ओढायची ते शिकवत होते, ते सोडून त्या आल्या होत्या. त्या सरळ बायकांमध्ये गेल्या आणि आबाजींच्या शेजारी रस्त्यावर बसल्या.

“तानाकाकू, तुमी कायले इथं?” बबनराव म्हणाले. “उद्या पाहुणे यून राह्यले. तुमच्या अतुलच्या नावाचा कार्यक्रम हाये.”

“म्हणूनच आली, बबन,” तानाबाई म्हणाल्या. “माह्या पोरानं जीव देला तो माणसं सुखात राहावे म्हणून देला, का सिमेंट ओलं राहाव म्हणून? ज्या चौथऱ्यावर त्याचं नाव हाये, त्याच्यासाठी लेकरायचं पाणी तोडलं तू. मी उद्या दोरी नाही ओढणार.”

बबनरावांनी सेवादासच्या कपाळावरचा गमछा पाहिला. रस्त्यावर बसलेल्या आपल्या गावाकडे पाहिलं. खालून आलेली काठीवाली माणसंही आता काठ्या टेकून उभी होती. मग बबनराव माझ्या मागे गेले, पाइप ओढला आणि स्वतःच्या हाताने माझा कॉक उघडला. पहिला गुंड त्यांनी भरला. तो कुणाच्या डोक्यावर द्यायचा हे त्यांना कळेना. शेवटी तानाबाईंनी तो घेतला आणि एका लेकुरवाळीच्या डोक्यावर ठेवला.

मी तिथेच, फाट्यावरच रिकामा झालो. त्या दिवशी सेवादासला टाके घालायला नेलं, म्हणून दुसरी खेप बबनरावांच्या पुतण्याने केली. तीही वस्तीवर.

एक मेला झेंडावंदन झालं, पण उद्घाटन झालं नाही. चौथरा वेळेवर ओला न राहिल्यामुळे एका कोपऱ्यातून तडकला होता. पाहुण्यांना तसं कळवलं. रणगाडा मैदानाच्या कडेला ताडपत्रीखाली उभा राहिला. अर्पिताने भाषण मात्र केलं. ती म्हणाली की लढाई कधी कधी टाळता येत नाही, हे तिने आजोबांकडून ऐकलं आहे आणि तिला ते पटतं. पण लढाईच्या आधी करण्यासारखं पुष्कळ काही असतं आणि ते माणसं अर्ध्यातच सोडतात, हे तिने काल रस्त्यावर पाहिलं आहे. ते सगळं ज्याने केलं नाही, त्याने आपल्या लढाईला न्यायाची म्हणू नये. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. तिला बक्षीसही मिळालं नाही. कपिल शेवटच्या रांगेत उभा होता. तो खाली मान घालून ऐकत होता.

चौथरा पुढे हिवाळ्यात पुन्हा बांधला आणि रणगाडा त्यावर चढला. या वेळी तानाबाईंनी दोरी ओढली. तो तिथे फार देखणा दिसतो, हे मला मान्य करावं लागतं.

कपिल भरतीत निवडला गेला. जायच्या दिवशी तो आबाजींच्या पाया पडला, तेव्हा आबाजींनी त्याला बराच वेळ जवळ धरून ठेवलं. नंतर कपिल सेवादासकडे गेला. सेवादासच्या कपाळावर आता पांढरी खूण आहे. कपिल तिच्याकडे बघून म्हणाला, “सेवादासदादा, तो दगड माहाच असन.” सेवादास म्हणाला, “असन. आता सीमेवर निशाणा नीट धर. अन् धराची येळच नाही आली तं जास्त बरं.” दोघंही हसले, पण थोडंच.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझा क्लच जड झाला आहे. माझ्या कॉकची रबरी वायसर झिजली आहे, तिच्यातून पाणी ठिबकतं, आणि टेकडीवर पोहोचेपर्यंत कितीतरी गुंड पाणी रस्त्यातच सांडतं. मला हार नकोत. तुमच्या गावात माझ्यासारखा कुणी असेल, तर आधी त्याची वायसर बदला. त्याच्या ड्रायव्हरला सावलीत बसवून पाणी द्या. आणि पाणी वाटताना कुणाची खेप तोडू नका, कारण लढाया सीमेवर पोहोचण्याआधी अशाच एखाद्या फाट्यावर उभ्या राहतात.

आणि त्या चौथऱ्यावरच्यालाही जपा. हे मी सांगतोय याचं मलाच नवल वाटतं. त्याला रंग द्या, तेल लावा, त्याच्यासोबत फोटो काढा, सलाम करा. मी अजूनही त्याच्यावर जळतो. मैदानावरून जाताना माझ्या इंजिनाचा आवाज अजूनही उगाच चढतो. पण आता मला कपिल आठवतो, अतुल आठवतो, आणि पेटलेल्या लोखंडात अम्मी अम्मी म्हणणारा तो नाव नसलेला पोरगा आठवतो. मग मी मनातल्या मनात त्या रणगाड्याला म्हणतो, बाबा रे, तू तिथेच राहा. तुझ्यासारख्या कुणालाच कधी चौथऱ्यावरून खाली उतरावं लागू नये. तुम्ही सगळे वर हार घालून बसा. मी इथे खाली, धुळीत, जन्मभर तुमच्यावर जळायला तयार आहे.